आईचं पोट आणि माझं शहाणपण



एरवी या सदरात मी ऑनलाइन फसवणूक, वायफाय, मुलांचे मोबाइल असल्या गोष्टींवर लिहितो. या वेळचा विषय जेवताना वाचण्यासारखा नाही, तेव्हा ताटावर बसला असाल तर आधी जेवून घ्या. विषय आहे पोट साफ होण्याची औषधं. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी लिहितोय, कारण गेल्या वर्षी माझ्या अर्धवट शहाणपणामुळे आईला आठवडाभर नको तो त्रास झाला, आणि तीच चूक कुठल्याही घरात सहज होऊ शकते.

दिवाळीनंतर आईचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, चौथ्या दिवशी तिला घरी, डिंडोलीला आणलं. वॉकर आला, कमोडवर बसवायची उंच सीट आली, फिजिओथेरपीवाला ठरला. मी गोळ्यांची एक्सेल शीट केली. कुठली गोळी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, सगळे रकाने रंगवून. त्या शीटमध्ये एक रकाना नव्हता. सहाव्या दिवशी बायकोने विचारलं, "आईंना शौचाला झालंय का?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "होईल रे. खाल्लंय काय मी एवढं!"

आपल्याकडे अशा वेळी हात आपोआप फडताळातल्या इसबगोलच्या डब्याकडे जातो. माझाही गेला. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत, असं नेटवर वाचलेलं होतंच. आई पेलाभर पाणी प्यायला तयार नव्हती, म्हणून दोन चमचे इसबगोल अर्धा कप दुधात कालवून दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. पोट हलकं व्हायच्या ऐवजी टम्म फुगलं. आठव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. त्याने न विचारता दोन गोळ्या कापून दिल्या, "राते लई लेजो, सवारे पेट साफ थई जशे." आई रात्रभर कळांनी तळमळली. सकाळी काही नाही.

दहाव्या दिवशी अचानक पातळ व्हायला लागलं. मी मनात म्हटलं, चला, मोकळं झालं एकदाचं. पण दुपारपर्यंत पाच-सहा वेळा नुसतं पाणी. आईला कळायच्या आत कपडे खराब व्हायचे. तिने जेवण बंद केलं आणि चादर स्वतःच गुंडाळून पलंगाखाली सरकवली, ती बायकोला सापडली. मला वाटलं, औषध जास्त झालं, आता जुलाब थांबवायला हवेत. घरातल्या औषधांच्या डब्यात प्रवासासाठी ठेवलेली जुलाब थांबवणारी गोळी होती. ती मी आईला दिली.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मळमळ सुरू झाली तेव्हा मात्र घाबरून आमच्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर गुजराती, पण वीसेक वर्षं आपल्या खानदेशी पेशंटांत काढल्यामुळे मराठी बोलतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बा, शेवटचं घट्ट कधी झालं?" आईने जरा आठवून सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्यांनी पोट दाबून बघितलं, हातमोजा घालून आतून तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "हे जुलाब नाहीत. खाली खडा अडकलाय. वरचं पातळ त्याच्या बाजूने झिरपतंय. आणि तू त्याला थांबवायची गोळी दिलीस."

गटारीच्या तोंडाशी दगड अडकला की पाणी कडेकडेने येतच राहतं. म्हणून पाणी येतंय याचा अर्थ गटार साफ आहे असा होत नाही. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांत हे नेहमी दिसतं आणि नेहमीच जुलाब समजलं जातं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कित्येक दिवस पोट साफ न झालेल्या वयस्कर माणसाला एकाएकी पाण्यासारखं व्हायला लागलं, तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

त्या रात्री नर्स आली, खडा मोकळा केला, एनिमा दिला. त्या दोन तासांचं वर्णन करत नाही. नंतर आई शांत झोपली.

डॉक्टर मात्र जायच्या आधी माझी शाळा घेऊन गेले. हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात खाली एका सिरपचं नाव होतं, पुढे लिहिलं होतं 'गरज पडल्यास'. मी ते ऐच्छिक समजून शीटमध्ये घेतलंच नव्हतं. आम्हा कोडवाल्यांना सूचना शेवटपर्यंत वाचायची सवय नसते, ती अशी भोवली. आईच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल होती, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामक. या औषधांनी आतड्यांची हालचाल मंदावते. जोडीला लोहाची गोळी आणि कॅल्शियम, दोन्ही बद्धकोष्ठ करणाऱ्या. त्यात चालणं-फिरणं बंद. एवढ्या मंद आतड्यात मी कमी पाण्याबरोबर इसबगोल ओतत होतो. वाहतूक तुंबलेली असताना आणखी गाड्या रस्त्यावर आणण्यासारखंच हे.

त्यानंतर मी बसून नीट वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून त्यांचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते सांगतो.

आपण 'पोट साफ करायचं औषध' असं एका दमात म्हणतो, जणू सगळी एकच आहेत. खरं तर ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळं काम करतात. सगळा हिशेब पाण्याचा आहे. आपण पितो ते पाणी, शिवाय लाळ, जठररस, पित्त, सगळं मिळून रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. मोठ्या आतड्यात एक-दीड लिटर पोहोचतो, आणि शौचावाटे बाहेर पडतो जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. मोठं आतडं पाणी ओढून घेतच राहतं. मल तिथे जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका कोरडा होत जातो, आणि कोरडा झाला की आणखी रेंगाळतो. या चक्रातून सुटायचं तर मलात पाणी धरून ठेवायला हवं, किंवा आतड्याला ढकलायला लावायला हवं, किंवा वाट निसरडी करायला हवी. औषधांचे प्रकार त्यावरून पडतात.

पहिलं आपलं इसबगोल. हे तर आपल्या गुजरातचंच. उत्तर गुजरातेत सिद्धपूर आणि उंझा ही त्याची मोठी केंद्रं. तिथे बियांवरचा भुसा वेगळा काढतात आणि तो जगभर जातो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे संत्र्याच्या चवीची फायबर पावडर बघितलीत तर त्यात हाच भुसा असतो. नाव फारसी आहे, अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान, बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. पीक रब्बीचं. कापणीच्या तोंडावर पाऊस पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण भिजलं की बी फुगतं आणि गळून पडतं. पाणी शोषून फुगण्याचा हाच गुण आपल्या पोटात कामाला येतो. भुसा फुगून मऊ लगदा होतो, मलाचा आकार वाढतो, आतड्याच्या भिंतीवर ताण येतो आणि ते ढकलायला लागतं. पण पाणी द्यायला हवं. एका वेळेला किमान मोठा पेलाभर, आणि दिवसभरातही भरपूर. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकूही शकतं. परिणाम दिसायला १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत वेळ लागतो, म्हणजे 'आज रात्री घेतलं, उद्या सकाळी झालं नाही' म्हणून डबा फेकू नका. चालत्या-फिरत्या माणसाला, ज्याच्या खाण्यात चोथा कमी आहे, त्याला हे उत्तम. आधीच खडा अडकलेल्याला, अफूच्या कुळातली गोळी चालू असलेल्याला, गिळायला त्रास असलेल्याला किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदयाच्या वा किडनीच्या पेशंटला ते मनाने देऊ नये. यातल्या दोन गोष्टी आईला लागू होत्या.

दुसरा प्रकार पाणी ओढणाऱ्या औषधांचा. डिस्चार्जच्या कागदावरचं ते सिरप यातलंच, लॅक्टुलोज. ही एक साखर आहे, पण ती पचवायची सोय आपल्या लहान आतड्यात नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला फोडतात आणि तयार झालेले कण पाण्याला आतच धरून ठेवतात. एक-दोन दिवसांत मल मऊ होतो. जिवाणूंच्या मेजवानीमुळे गॅस मात्र होतो, त्याची तयारी ठेवा. याच गटात पॉलिइथिलीन ग्लायकॉल येतं, पाण्यात विरघळवून प्यायची पावडर. ती शोषली जात नाही, जिवाणूही तिला हात लावत नाहीत, म्हणून गॅस कमी. परिणाम १ ते ३ दिवसांत. नंतर आईला हीच चालू केली आणि ती चांगली लागू पडली. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हाही या गटातलाच, जरा घाईचा, अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करतो. पण त्यातलं मॅग्नेशियम किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठून घात करू शकतं. घरात मधुमेहाचे जुने पेशंट असतील तर ही बाटली विचारल्याशिवाय उघडू नका.

तिसरा प्रकार ढकलणाऱ्यांचा. मेडिकलवाल्याने दिलेली गोळी यातली होती, बिसाकोडिल. ही मोठ्या आतड्याच्या मज्जातंतूंना चेतवते, आतडं जोराने आकसतं, ६ ते १२ तासांत परिणाम. म्हणून रात्री घ्यायची. तिच्यावर खास आवरण असतं, ते जठरात नव्हे तर पुढे आतड्यात विरघळावं म्हणून. दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली, किंवा चावली-कुटली, तर आवरण लवकर फुटतं आणि पोटात कळा येतात. मी ती आईला हळदीच्या दुधाबरोबर दिली होती. वाचताना हे समजलं तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो.

आपली सोनामुखीही याच गटातली. 'आयुर्वेदिक, रोज घ्या' म्हणून जी चूर्णं विकली जातात त्यांतल्या बऱ्याचशांच्या डब्यावर मागे बारीक अक्षरांत सोनामुखी लिहिलेली दिसेल. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी फोडल्यावरच कामाला लागतात, म्हणून तिलाही रात्रभर लागतो. वनस्पती असली तरी ती औषधच. 'सवय लागते, आतडं कायमचं आळशी होतं' असं म्हणतात, तसा ठोस पुरावा ठरलेल्या मात्रेबाबत नाही. पण वर्षानुवर्षं मनाने घेत राहिलं, मात्रा वाढवत नेली, तर शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि मूळ दुखणं काय आहे ते झाकलं जातं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि एरंडेल! आपल्या आईवडिलांच्या पिढीला महिन्यातून एकदा नाक दाबून पाजलेलं. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा हा शब्दप्रयोग उगीच आलेला नाही. देशातला बहुतेक एरंड गुजरातच पिकवतो. हे तेल पोटात गेल्यावर त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि ते लहान आतड्यालाच ढवळून काढतं, दोन ते सहा तासांत. काम जोरदार, कळाही जोरदार. गर्भवतीला ते अजिबात देऊ नये, गर्भाशय आकसू शकतं. दर महिन्याला मुलांचा कोठा साफ करायची तर काही गरजच नसते. आमच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमचं बालपण फुकट गेलं की!"

एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन आठवतंय? ते विसाव्या शतकात अनेक दशकं जगभर जुलाबाचं औषध म्हणून विकलं जात होतं. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाची शंका आली आणि १९९९ मध्ये अमेरिकेने ते या यादीतून काढलं. लॅबमध्ये पिपेट तोंडाने ओढणाऱ्यांनी आता आपापल्या आठवणी तपासाव्यात.

राहिला वाट निसरडी करणारा प्रकार. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल, मलावर थर चढवतं. आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला ते पाजताना चुकून श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो, म्हणून जपून. ग्लिसरीनची बत्ती गुदद्वारातून ठेवतात, पाऊण-एक तासात काम होतं. मल खालीच अडला असेल तर ती उपयोगी. एनिमा मात्र डॉक्टर-नर्सवर सोडा. त्यातले काही किडनीच्या पेशंटला धोक्याचे असतात.

मग घ्यायचं कुठलं? आधी बद्धकोष्ठ आहे का ते बघा. दिवसातून तीन वेळापासून आठवड्यातून तीन वेळापर्यंत सगळं सर्वसाधारण धरतात. रोज सकाळी झालंच पाहिजे हा आपल्या घरांतला हट्ट आहे. मल मऊ असेल, कुंथावं लागत नसेल, तर एक दिवसाआड होण्यात काही बिघडलेलं नाही. 'पिकू' सिनेमातले अमिताभ आपल्या प्रत्येक सोसायटीत दोन-तीन तरी आहेत. खरंच त्रास असेल तर आधी पाणी, भाकरी, भाजी, सालासकट फळं, आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं निवांत बसणं. खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं, ती वेळ मुलांना शाळेत आणि आपल्याला ऑफिसात पाठवण्यात वाया जाते. आपला सुरतचा नाश्ता लोचो, खमण, फाफडा. चवीबद्दल बोलायची माझी हिंमत नाही, पण नुसत्या त्यावर भागत नाही. कमोडवर बसताना पायांखाली छोटा स्टूल घेतला तर उकिडवं बसल्यासारखा कोन होतो आणि वाट सरळ होते. नव्या गुडघ्यामुळे आईला तो तेव्हा चालणार नव्हता, हे आपले आपणच ठरवू नका.

एवढ्याने भागलं नाही तर चालत्या-फिरत्या माणसाला इसबगोल. तेही पुरेसं झालं नाही तर डॉक्टरांना विचारून पाणी ओढणारं औषध. ढकलणारी गोळी अधूनमधून, थोड्या दिवसांपुरती. अफूच्या कुळातली वेदनाशामक सुरू होतेय असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की याबरोबर पोटासाठी काय द्यायचं. अकराव्या दिवसाची वाट बघू नका. लहान मूल दुखतं म्हणून शी दाबून धरत असेल तर रागावू नका आणि मोठ्यांचं चूर्ण चिमूटभर करून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि काही वेळा कुठलंच औषध द्यायचं नसतं. पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत, वायूसुद्धा सरत नाही, अशा वेळी आतडं बंद पडलेलं असू शकतं, थेट हॉस्पिटल गाठा. शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांना चूर्णाने झाकू नका.

हे सगळं समजलं तरी एक गोष्ट मला कुठल्याच पानावर सापडली नसती. ती बायकोने सांगितली. खडा मोकळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आई तिच्याशी बोलली होती. आई मुद्दाम पाणी कमी पीत होती. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, वॉकर घेऊन एकटीला जाता येत नाही, रात्री कुणाला तरी हाक मारावी लागणार. "मुलाला कितीदा उठवायचं? आणि असल्या कामासाठी?" माझ्या रंगीत शीटवर आईने दिवसात किती पाणी प्यायलं याचाही रकाना नव्हता. मी तो घातला असता तरी तिने खरं सांगितलं असतं का, शंकाच आहे.

आम्ही मग पलंगाशेजारी वायरलेस बेल लावली. बेल वाजली की बायको किंवा मी, जो जागा असेल तो जायचा, आणि गेल्यावर काही बोलायचं नाही, फक्त हात द्यायचा. पहिल्या रात्री आईने ती वाजवलीच नाही. दुसऱ्या रात्री पावणेतीनला वाजली.

आता ती वॉकरशिवाय चालते, सकाळी सोसायटीला दोन फेऱ्या मारते. पावडर दोन महिन्यांत डॉक्टरांनीच कमी करत बंद केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी काही तारखांवर पेन्सिलीची बारीक खूण असते. पाहुणे विचारतात हे काय, तर आई म्हणते, "गॅसच्या सिलिंडरची तारीख." महिन्याला पंचवीस सिलिंडर लागणारं सुरतेतलं आमचं एकमेव घर असावं.